अडलेल्याचे कर्तव्य

विद्या दिल्याने वाढते, हे वचन आमच्या समाजात इतके सर्वमान्य आहे की, त्याविरुद्ध बोलणारा मनुष्य शोधूनही सापडावयाचा नाही. परंतु सर्वमान्य वचनांचे एक दुर्दैव असते. ती मान्य केली म्हणजे पाळलीच, असे आपणांस वाटू लागते. विद्या द्यावी हे खरे. पण ती कोणी द्यावी, कोणास द्यावी आणि मुख्य म्हणजे केव्हा द्यावी, हे प्रश्न त्या वचनाने सुटत नाहीत. ह्यांपैकी शेवटचा प्रश्न आमच्यापुढे एका अगदी क्षुल्लक निमित्ताने उभा राहिला, आणि त्याचा विचार करता करता आमचीच एक जुनी खोड आमच्या दृष्टीस पडली. ती खोड आमच्या एकट्याची नसावी, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहो.

काही वर्षांपूर्वी पदार्थविज्ञानाच्या आमच्या वर्गातील दोन विद्यार्थी वाद घालीत घालीतच आमच्या खोलीत आले. दोघांपाशी आठच संख्या होत्या: २, ४, ४, ४, ५, ५, ७ आणि ९. ह्या संख्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे त्या आपल्या सरासरीभोवती किती पसरल्या आहेत ह्याचे माप, दोघांनी संगणकावर काढले होते. एकाचे उत्तर आले बरोबर २. दुसऱ्याचे आले २·१४. गणित पोराच्या इयत्तेतले, यंत्र चुकत नाही अशी ख्याती, आणि उत्तरे मात्र दोन. आम्ही पाहिले तो दोघांनी दोन निरनिराळ्या प्रणाली वापरल्या होत्या. पहिल्याची नमपाय, दुसऱ्याची पांडाज. दोन्ही पायथॉन ह्या संगणकभाषेतल्या, दोन्ही जगभर मान्य. सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ३२ होते. तिला पहिली प्रणाली आठांनी भागते, दुसरी सातांनी. आपल्यापाशी आहेत त्याच सर्व संख्या, असे धरले तर आठांनी भागणे योग्य. त्या एखाद्या मोठ्या समूहातून उचललेला नमुना आहेत, असे धरले तर सातांनी भागणे योग्य. म्हणजे कोणीच चुकले नव्हते. चूक एवढीच होती की, आपली प्रणाली काय गृहीत धरते हे दोघांपैकी एकानेही वाचले नव्हते. दोन्ही प्रणालींच्या मार्गदर्शिकांत ही गोष्ट एकेका वाक्यात नमूद केलेली आहे.

ह्या प्रसंगावरून 'डॉक्युमेंटेशन' नावाच्या वस्तूची महती वाचकांच्या ध्यानात येईल. प्रस्तुत लेखात आम्ही तीस मार्गदर्शिका म्हणतो. यंत्राचा पट्टा तुटला तर यंत्र बंद पडते व धन्यास कळते. गणित करणाऱ्या प्रणालीचे तसे नाही. तिचा अर्थ आपण भलताच घेतला तरी ती थांबत नाही, कुरकुरत नाही. दशांश चिन्हापुढे दहा आकडे देऊन ती आपले उत्तर मोठ्या गांभीर्याने पुढे ठेवते. हे उत्तर कोणत्या प्रश्नाचे, एवढे सांगणारे एक वाक्य जवळ नसेल, तर ते दहा आकडे ज्ञान नसून ज्ञानाचा नुसता आव होत.

आता ही वाक्ये लिहितो कोण? बाजारात विकत मिळणाऱ्या वस्तूंबरोबर कारखानदाराने छापलेली पुस्तिका येते. पण आज विज्ञानाचा फार मोठा व्यवहार ज्या प्रणालींवर चालतो, त्या कोणा एका कारखानदाराच्या नाहीत. त्यांस मुक्तस्रोत म्हणजे ओपन सोर्स म्हणतात. त्यांची घडण कोणीही पाहावी, वापरावी, सुधारावी व सुधारलेली पुन्हा सर्वांस द्यावी, असा त्यांचा परवाना असतो. ह्या विचाराचा उघड पुकारा अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ मध्ये केला. ओपन सोर्स हे नाव १९९८ मध्ये रूढ झाले. सायपाय ही वैज्ञानिक गणिताची प्रणाली २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. मेंदूतील विद्युत्स्पंदनांचे आलेख काढण्याची गरज पडली म्हणून जॉन हंटर ह्या मज्जाशास्त्रज्ञाने मॅटप्लॉटलिब रचली. नमपायची पहिली पूर्ण आवृत्ती २००६ ची. आपल्याकडे मुंबईच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक प्रभू रामचंद्रन ह्यांनी रचलेली मायावी ही त्रिमिती चित्रे काढणारी प्रणालीही ह्याच कुळातली. २०१५ साली टिपलेल्या गुरुत्वलहरींचे विश्लेषण आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेले कृष्णविवराचे पहिले छायाचित्र, ह्या दोहोंमागे ह्या प्रणालींचा हात आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वलहरींची जी वेधशाळा उभारण्यास २०२३ मध्ये अंतिम मंजुरी मिळाली, तिच्यासाठी तयार होणारी मुलेही आज हीच साधने हाताळीत शिकत आहेत.

असल्या प्रणालींची मार्गदर्शिका त्यांच्या संकेतस्थळावर असते, आणि तीही प्रणालीइतकीच मुक्त असते. तिच्यातील एखादे वाक्य अपुरे वाटले, तर वाचणाऱ्याने ते सुधारून प्रस्ताव म्हणून धाडावे. प्रणालीची देखभाल करणारे लोक तो तपासतात आणि पटल्यास मूळ मजकुरात घालतात. म्हणजे येथे वाचक आणि लेखक ह्यांच्यामध्ये भिंत नाही, दार आहे. आणि ते दार आतून लावलेले नाही. ह्यामुळे एक नवाच नैतिक प्रश्न उत्पन्न होतो. छापील पुस्तकात चूक दिसली, तर समासात पेन्सिलीने खूण करण्यापलीकडे वाचकाच्या हाती फारसे काही नसे, आणि जे हाती नाही त्याची जबाबदारीही नाही. पण दुरुस्ती करणे हातचे असताना जो ती करीत नाही, तो दोषी आहे काय?

प्रथम पूर्वपक्ष मांडू. कोणी म्हणेल, ज्याने वस्तू केली त्यानेच ती समजावून सांगावी. वापरणाऱ्यावर हा बोजा कशाला? हे म्हणणे न्यायाचे दिसते. परंतु त्यात अनुभवाचा एक भाग सुटला आहे. कर्त्याला आपल्या वस्तूतील अडचण दिसत नाही. आणि हा त्याचा आळस नव्हे, त्याच्या ज्ञानाचाच तो परिणाम होय. आपल्या घरचा पत्ता आपणच सर्वांत वाईट सांगतो, हा अनुभव कोणास नाही? 'देवळावरून वळा, की आलेच घर,' असे आपण सांगतो. वाटेत देवळे तीन आहेत, हे आपल्या ध्यानीही नसते. कारण आपल्या लेखी देऊळ एकच. ती तीन देवळे ज्याला दिसतात, तो प्रथमच येणारा पाहुणा. पण तोही दोनदा येऊन गेला म्हणजे त्याला एकच देऊळ दिसू लागते.

ह्याला इतिहासाची साक्ष आहे. फ्लॉरिडातील एका विद्यापीठात खगोलशास्त्र शिकविणारे प्राध्यापक जोसेफ हॅरिंग्टन ह्यांनी आपल्या वर्गास नमपाय शिकवावयास घेतली, तेव्हा तिची मार्गदर्शिका विद्यार्थ्यांस पुरी पडत नाही असे त्यांस आढळले. प्रणाली उत्तम होती. ती रचणारे विद्वान होते. आपसांत त्यांस काही अडत नव्हते. अडले ते नवख्या पोरांचे. हॅरिंग्टन ह्यांनी तक्रार करून हात झटकले नाहीत. २००८ च्या उन्हाळ्यात त्यांच्या पुढाकाराने मार्गदर्शिका लिहिण्याचा एक मोठा सामुदायिक उपक्रम झाला, आणि ठिकठिकाणच्या लोकांनी एकेका फंक्शनचे पान उचलून ते लिहिले. ठराविक मजल मारणाऱ्यास बक्षीस म्हणून एक सदरा देण्याची योजना होती. ज्ञानाच्या बाजारात एका सदऱ्याची किंमत ती काय? पण आज जगभरच्या प्रयोगशाळांत जी पाने उघडली जातात, त्यांतील कित्येकांचा पाया त्या उन्हाळ्यात पडला. हे काम कर्त्यांच्या पांडित्यातून निघाले नाही. एका शिक्षकाच्या वर्गात मुले अडली, त्यातून ते निघाले.

आता आमची स्वतःची हकीकत सांगणे प्राप्त आहे. आणि ती हॅरिंग्टन ह्यांच्यासारखी भूषणावह नाही.

प्रयोगशाळेत मोजलेल्या बिंदूंमधून एक रेषा काढावयाची, आणि तिच्या उतारावरून एखादा स्थिरांक व त्यातील संभाव्य चूक काढावयाची, हा आमच्या शास्त्रातला नित्याचा व्यवहार आहे. प्रत्येक मोजणी किती अनिश्चित आहे, हे आपण प्रणालीस आकड्याने सांगतो. पण तो आकडा प्रणाली शब्दशः खरा मानते, की 'ह्या मोजणीपेक्षा ती मोजणी अधिक भरवशाची' एवढाच तुलनेपुरता त्याचा अर्थ घेते, ह्यावर उत्तरातील संभाव्य चूक पालटते. आम्ही वापरीत असलेल्या एका लहानशा प्रणालीच्या मार्गदर्शिकेत ह्याविषयी चकार शब्द नव्हता. आमच्या एका विद्यार्थिनीचे तीन आठवडे त्यापायी फुकट गेले. तिचा स्थिरांक बरोबर येई, पण त्यातील चूक अविश्वसनीय रीतीने लहान येई. तिला वाटे आपले उपकरण बिघडले आहे. आणि आम्हांस, खरे सांगावयाचे तर, वाटे की मुलीने मोजण्या नीट घेतल्या नाहीत. अखेर आम्ही प्रणालीची घडणच उघडून वाचली व उलगडा केला. मुलीची क्षमा मागितली आणि हा शोध आमच्या वहीत टिपून ठेवला.

ह्या वहीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. वीस-बावीस वर्षे आम्ही ती बाळगून आहो. कोणत्या प्रणालीत कोठे खाचखळगा आहे, कोणते वाक्य दिशाभूल करते, कोणते उदाहरण चालतच नाही, हे सर्व तीत तारीखवार टिपलेले आहे. दर वर्षी नव्या वर्गास तिच्या छायाप्रती मिळत. 'सरांची वही' ह्या नावाने ती कॉलेजात प्रसिद्ध होती, आणि ह्या प्रसिद्धीचे आम्हांस सुख वाटत असे हे कबूल करतो. पुढे एके दिवशी तीच विद्यार्थिनी, आता दुसऱ्या गावी संशोधन करू लागलेली, आम्हांस भेटावयास आली. तिच्या नव्या प्रयोगशाळेतला एक मुलगा नेमका त्याच खड्ड्यात पडला होता, आणि आमच्या वहीची छायाप्रत देऊन तिने त्यास बाहेर काढले होते. हे सांगून झाल्यावर तिने अगदी साधेपणाने विचारले, "सर, मग हे तुम्ही तिथेच का नाही लिहिलं?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. नंतर पुष्कळ सुचली. वेळ नव्हता, ते काम आमचे नव्हे, एवढ्या मोठ्या लोकांच्या लिखाणात हात घालणारे आम्ही कोण? ही शेवटची सबब विनयाची दिसते, म्हणून तिचीच आम्ही अधिक कसून तपासणी केली. विनय म्हणावा, तर तोच मनुष्य वर्गात उभा राहून त्याच मोठ्या लोकांच्या चुका मिटक्या मारीत कसा सांगत होता? खरी कारणे दोन निघाली. एक भीती. आमचे इंग्रजी वाक्य चारचौघांत, कदाचित आमच्या मुलाच्या वयाच्या परक्या तरुणाकडून तपासले जाईल, आणि ते चुकले तर तेही चारचौघांत चुकेल, ही ती भीती. दुसरे कारण ह्याहून लाजिरवाणे. खड्डा बुजला असता, तर वहीची गरज उरली नसती.

जुन्या काळच्या वैद्यांविषयी व गवयांविषयी आपण ऐकतो की, वैद्यबुवा औषधाचा पाठ मुलालाही अखेरच्या आजारात सांगत, आणि खाँसाहेब खासी चीज शिष्यास देताना अंतरा राखून ठेवीत. ह्याला आपण हातचे राखून शिकविणे म्हणतो आणि त्याची निंदा करतो. त्यांच्या बाजूने निदान एवढे म्हणता येते की, ती विद्या हे त्यांच्या पोटाचे साधन होते. आम्हांस तर पगार मिळत होता. शिवाय ज्या प्रणालीतील खड्डे आम्ही राखून ठेविले होते, ती आम्हांस फुकट मिळालेली होती. दुसऱ्याच्या पाणपोईवर पाणी प्यावे आणि तिच्या पायरीतला निसटता दगड कोणता, हे फक्त आपल्या घरच्यांस सांगावे, असा हा व्यवहार होता.

आमच्या परंपरेत ऋषिऋण नावाची एक कल्पना आहे. पूर्वजांपासून मिळालेले ज्ञान शिकून व शिकवून हे ऋण फेडावयाचे असते. ह्या कल्पनेत एक भर घालावी, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. पैशाच्या ऋणास मुदत असते. ज्ञानाच्या ऋणातील एका भागासही ती असते, आणि ती फार थोडी असते. जे आपणांस समजले, ते आपण दहा वर्षांनीही सांगू शकू. पण आपणांस काय समजले नव्हते, कोणत्या शब्दाने आपण चकलो, कोठे तीन देवळे दिसली, हे समजल्यावर अल्पावधीतच पार पुसले जाते. अज्ञानाची आठवण ही ज्ञानाच्या राज्यातली सर्वांत नाशवंत वस्तू होय. आणि मार्गदर्शिकेस नेमकी तीच हवी असते. म्हणून आमचे मत असे की, हे कर्तव्य मुख्यतः तज्ज्ञाचे नव्हे, अडलेल्याचे आहे. आणि तेही अडचण सुटल्याबरोबर, आठवण ओली आहे तोवरच पार पाडण्याचे आहे. 'आधी चांगला तयार होतो, मग लिहितो' असे म्हणणारा तयार होईल खरा, पण तोपर्यंत लिहिण्याजोगे काही त्याच्यापाशी उरलेले नसेल.

आमच्या मुलांस विशेष करून हे सांगणे अवश्य वाटते. इंग्रजी वाक्य कळले नाही की आपला विद्यार्थी ओशाळतो. दोष आपल्या भाषाज्ञानाचा, असे तो धरून चालतो. पुष्कळदा तसे असेलही. पण पुष्कळदा ते वाक्यच गाठाळलेले असते, आणि इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे तो ती गाठ न पाहताच ओलांडून जातो. अशा ठिकाणी मराठी मुलाचे अडणे ही उणीव नसून परीक्षा होय. आणि ती इतरांच्याही उपयोगी पडते, कारण जगात ह्या प्रणाली वापरणारे असंख्य लोक त्याच्यासारखेच परभाषेतून वाचीत असतात.

ह्यावर एक गंभीर आक्षेप आहे. ह्या मुक्त प्रणालींचा फायदा गरीब विद्यार्थ्याप्रमाणेच कोट्यधीश कंपन्याही घेतात. आपण विनामोबदला लिहिलेल्या वाक्यावर दुसऱ्याचा नफा उभा राहतो. हा परोपकार, की वेठबिगार? आम्ही हा आक्षेप उडवून लावणार नाही. ज्याने अधिक घेतले त्याचे ऋण अधिक, हे उघड आहे. आणि तसल्या कंपन्या देखभाल करणाऱ्यांच्या श्रमांस मोल देत नसतील, तर तो दोष त्यांचा आहे व तो त्यांच्या पदरी बांधलाच पाहिजे. पण दुसरा ऋणको आपले देणे बुडवतो म्हणून आपले देणे माफ होत नाही. पाणपोईवर सावकारही पाणी पितो. तेवढ्यावरून कोणी रांजण पालथा घालीत नाही. आणि वेठीतला मुख्य दोष हा की तीत नकार देता येत नाही. येथे तो देता येतो. म्हणूनच हे कृत्य नैतिक ठरते.

मोबदल्याच्या ह्या विषयात डोनाल्ड क्नूथ ह्यांचा रिवाज मनोरंजक आहे. संगणकशास्त्रावरील त्यांच्या महाग्रंथाचा पहिला खंड १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथात चूक दाखविणाऱ्यास ते प्रत्येक चुकीमागे २ डॉलर ५६ सेंटांचा धनादेश पाठवीत. २५६ ही संगणकाच्या अंकगणितात सोळाचा वर्ग म्हणून मानाची संख्या. पुष्कळ लोक तो धनादेश वटवीत नसत, चौकटीत लावून भिंतीवर टांगीत. २००८ पासून बँकेचा धनादेश जाऊन केवळ शोभेचे प्रमाणपत्र आले, तरी त्याची प्रतिष्ठा कमी झाली नाही. चूक काढणाऱ्याविषयी लेखकाने रोष न धरता कृतज्ञता धरावी, हा ह्या रिवाजाचा गाभा आहे. रक्कम केवळ निमित्त. ह्याहून जुने उदाहरण म्हणजे बेल प्रयोगशाळेतील युनिक्स प्रणालीची १९७१ ची पहिली मार्गदर्शिका. तिच्यात निरनिराळ्या आज्ञांच्या वर्णनाबरोबर त्यांतील ज्ञात दोष सांगण्याचीही सोय केलेली होती. आपले दोष आपणच छापून देणारी पुस्तिका, ही नम्रतेची केवढी मोठी शिकवण आहे!

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. ज्याने त्याने दुरुस्ती करावयाची म्हटली, तर मूळ मजकुराचे काय होईल? हे भय आपल्या वाङ्मयासही अपरिचित नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत तीन शतकांत इतके पाठभेद शिरले की, शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये एकनाथांस ती शुद्ध करावी लागली, आणि पुढे कोणी तीत आपली भर घालू नये असे बजावावे लागले. तेव्हा दुरुस्तीस हात घालणाऱ्याने प्रथम आपली शंका स्वतःच तपासावी, प्रणाली चालवून पाहावी, जेवढे निश्चित तेवढेच लिहावे. संस्कृत परंपरेत वार्तिककाराचे काम असे मानीत की, सूत्रात काय सांगितले, काय सांगावयाचे राहिले आणि काय चुकीचे सांगितले, ह्या तिन्हींचा त्याने विचार करावा. पाणिनीवर वार्तिके लिहिणाऱ्या कात्यायनाने हे काम केले, आणि त्याचीही पुढे पतंजलीने झडती घेतली. झडतीस तयार असणे हीच दुरुस्ती करणाऱ्याची पात्रता. अलीकडे यंत्राकडून लिहवून घेतलेल्या गुळगुळीत दुरुस्त्यांचेही पीक येऊ लागले आहे. यंत्राचे वाक्य निर्दोष असेलही. पण ते घाऊक धाडणारा स्वतः कोठे अडलेलाच नसतो. त्याच्या वाक्यापाठीमागे कोणाचे तीन आठवडे नसतात, आणि ते तपासण्याचा बोजा मात्र देखभाल करणाऱ्या चार माणसांवर पडतो.

एका वाक्याने एवढे काय होणार, असे ज्यास वाटत असेल त्याने एक घटना ध्यानात घ्यावी. २०१४ मध्ये अमेरिकेतील काही रसायनशास्त्रज्ञांनी रेणूंची रचना पडताळण्याची एक पद्धत व तिच्यासाठी लिहिलेले पायथॉनचे लहान कार्यक्रम प्रसिद्ध केले. पुष्कळांनी ते वापरले. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातील संशोधकांस आढळले की, तोच कार्यक्रम त्याच माहितीवर निरनिराळ्या संगणकांवर निरनिराळी उत्तरे देतो. कारण शोधता असे निघाले की, फायलींची नावे गोळा करणारी पायथॉनची सोय ती नावे अमुक क्रमाने देईल अशी हमी नव्हती. काही यंत्रांवर ती योगायोगाने क्रमवार येत, काहींवर येत नसत. आज पायथॉनच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलेले आहे की नावांस ठराविक क्रम नसतो, क्रम हवा असल्यास तो आपण लावून घ्यावा. वाक्य लहान आहे. पण त्याचे अज्ञान कित्येक शोधनिबंधांवर संशयाची छाया पाडण्यास पुरेसे झाले.

असो. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर दोन महिने टाळाटाळ करून आम्ही अखेर आमची दुरुस्ती धाडली. तिच्यात इंग्रजी वाक्ये सहा होती. आमच्या मते ती डौलदार होती. चौथ्या दिवशी उत्तर आले. लिहिणाऱ्याने प्रथम आभार मानले, मग एक उदाहरण चालवून पाहिल्याचे कळविले, आणि सहांपैकी चार वाक्ये अनावश्यक आहेत असे सौम्यपणे सुचविले. उरलेल्या दोहोंतील एका शब्दावर त्याची शंका होती. आमचा पहिला विचार रागाचा होता, हे लपवीत नाही. तीस वर्षे दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिकांवर लाल शाई ओतल्यावर आपल्या कागदावर ती पडली की हात थरथरतो. पण रात्री पुन्हा वाचले, तेव्हा दिसले की ती चार वाक्ये वाचकासाठी नव्हतीच. आम्ही किती खोलवर गेलो, हे दाखविण्यासाठी होती. शब्दाविषयीची त्याची शंकाही रास्त होती. दोन वाक्ये राहिली. त्यांखाली आमचे नाव नाही. दुरुस्त्यांच्या इतिहासात कोणी मुद्दाम खणले, तर सापडेल एवढेच. त्यानंतर वहीतील एकेक नोंद आम्ही तपासून धाडीत आहो. बऱ्याच नोंदींना उशीर झाला आहे. काही प्रणाली आता कोणी वापरीत नाही; काही ठिकाणी आपण नेमके कशाने अडलो होतो, हे आमचे आम्हांसच उमगत नाही. मुदत टळली म्हणजे काय होते, हे त्या कोऱ्या भासणाऱ्या नोंदी आम्हांस रोज शिकवितात.

गेल्या जुलैत नव्या वर्गातील एक मुलगा संगणक उघडाच घेऊन आमच्या खोलीत आला. मार्गदर्शिकेतील एक वाक्य त्यास नीट लागत नव्हते. त्याचे दोन अर्थ होतात, असे त्याचे म्हणणे होते. आम्ही वाकून पाहिले. ते आमच्याच दोहोंपैकी दुसरे वाक्य होते. आम्ही ते चारदा वाचले, आणि आम्हांस काही केल्या एकच अर्थ दिसेना. अर्थ समजावून सांगण्यासाठी आम्ही खडू उचललाही होता. मग तो परत ठेवला, शेजारची खुर्ची ओढून त्यास बसविले, आणि दुसरा अर्थ कोणता दिसतो तो आजच्या आज लिहून धाड, असे सांगितले.